प्राचीनांचा निवडुंग

दख्खनच्या कोरड्या माळांवर, टेकड्यांच्या खडकाळ उतारांवर, शेतांच्या जुन्या बांधांवर त्रिधारी निवडुंग उभा असतो. त्याच्याकडे मुद्दाम पाहायला कोणी जात नाही. माणसाहून सहज दुपटीने उंच होणारे हे झुडूप. फांद्यांना बहुधा तीन धारा, क्वचित चार किंवा पाच. धारा सरळ नसून नागमोडी, आणि प्रत्येक उंचवट्यावर आखूड काट्यांची एक जोडी. पाने येतात ती बारीक आणि थोड्या दिवसांची; अन्न तयार करण्याचे काम हिरव्या फांद्याच करतात. फांदी मोडली की पांढरा चीक भळभळू लागतो. तो डोळ्यांत गेला तर काय होते, हे गुराख्याच्या पोरालाही ठाऊक असते.

ह्या झाडाचा एक नातलग मोरोक्कोत, अ‍ॅटलास पर्वताच्या उतारांवर राहतो. दोघांत साम्य आहे, पण एकाला पाहून दुसऱ्याची आठवण होईल असे नाही. मोरोक्कोतले झाड उंच वाढतच नाही. गुडघ्या-मांडीएवढे ते राहते आणि आडवे पसरते. निळसर-राखी झाक असलेल्या शेकडो बोटांएवढ्या फांद्या एकमेकींना चिकटून उभ्या राहतात आणि सारे मिळून एखादी फुगलेली उशी कोणी उतारावर टाकून दिल्यासारखे दिसते. फांदीला धारा चार. काट्यांच्या जोड्या तशाच, फुले पिवळी, आणि चीक तोच: पांढरा, तिखट, वाळला की राळेसारखा घट्ट होणारा.

दोघेही एरंडाच्या कुळातले आणि त्या कुळातल्या युफोर्बिया ह्या एकाच प्रजातीतले. ह्या प्रजातीत आज सुमारे २००० जाती मोजल्या जातात. दख्खनच्या झाडाचे शास्त्रीय नाव युफोर्बिया अँटिकोरम, म्हणजे 'प्राचीनांची युफोर्बिया'. अ‍ॅटलासच्या झाडाचे नाव युफोर्बिया रेझिनिफेरा, 'राळ देणारी युफोर्बिया'. गंमत अशी की, पहिल्या नावात ज्या प्राचीनांचा निर्देश आहे त्या ग्रीक-रोमन मंडळींनी जे झाड पाहिले, ज्याचा चीक औषधात वापरला आणि ज्याचे वर्णन लिहून ठेवले, ते दुसरे झाड होते. प्राचीनांचे नाव एकाला मिळाले; प्राचीनांचा सहवास दुसऱ्याला.

आम्ही मराठी शिकवणारी माणसे. वनस्पतिशास्त्र हा आमचा प्रांत नव्हे. तरीही ही गोष्ट आम्हांला आमच्याच वर्गातली वाटते. एक जुना पाठ, त्यातल्या एका शब्दाचा हरवलेला अर्थ, तो अर्थ हाताशी असलेल्या वस्तूवर बसवून देणारा एक थोर विद्वान, आणि त्याच्या अधिकारामुळे शंभराहून अधिक वर्षे टिकलेला अन्वयार्थ: असे प्रकार संतवाङ्मयाच्या टीकांत आपण कितीतरी पाहिले आहेत. येथे ओवीच्या जागी झाड आहे, इतकेच.

गोष्टीचा आरंभ एका पराभूत राजाच्या मुलापासून होतो. इ. स. पू. ४६ मध्ये आजच्या ट्युनिशियातील थाप्सस येथे ज्यूलियस सीझरने आपल्या विरोधकांचा पराभव केला. त्या विरोधकांच्या बाजूने लढलेला नुमिडियाचा राजा पहिला जूबा ह्याने पराभवानंतर मरण पत्करले. त्याचा लहानगा मुलगा, त्याचेही नाव जूबाच, सीझरच्या विजययात्रेत रोमच्या रस्त्यांवरून मिरवला गेला. पुढे तो रोममध्येच वाढला, शिकला आणि ग्रीक भाषेत ग्रंथ लिहू लागला. ह्या मुलाचे कैदेत सापडणे म्हणजे त्याचे भाग्यच होते, अशा अर्थाचे प्लुटार्कने लिहिले आहे, कारण एरवी तो रानटी राजा झाला असता, तो विद्वान इतिहासकार झाला. (रानटी कोण हे ठरवण्याचा अधिकार जेत्यांच्या भाषेकडे असतो, हे वासाहतिक इतिहास वाचलेल्या आमच्या विद्यार्थ्यांना वेगळे सांगायला नको.) ऑगस्टसने इ. स. पू. २५ मध्ये त्याला मॉरितानियाचे राज्य दिले. हे आजचे त्या नावाचे राष्ट्र नव्हे. आजचा उत्तर मोरोक्को आणि अल्जीरियाचा पश्चिम-मध्य भाग म्हणजे तेव्हाचे मॉरितानिया. त्याची राणी क्लिओपात्रा सेलीनी ही अँटनी आणि इजिप्तच्या क्लिओपात्राची मुलगी. दोन पराभूत घराण्यांतली ही दोन मुले रोमच्या मर्जीने आज ज्याला चेर्चेल म्हणतात त्या शहरात राज्य करू लागली.

ह्या राजाला आपल्या राज्यातल्या अ‍ॅटलास पर्वतावर एक चिकाचे झाड आढळले. त्याने त्याच्या गुणांवर एक स्वतंत्र पुस्तिका लिहिली आणि झाडाला आपल्या वैद्याचे नाव दिले. वैद्याचे नाव युफोर्बस. हा युफोर्बस अंतोनियस मूसा ह्याचा भाऊ, आणि मूसा हा ऑगस्टसचा वैद्य. इ. स. पू. २३ मध्ये ऑगस्टस मरणाच्या दारी पोचला होता. इतर वैद्यांचे गरम उपचार लागू पडेनात, तेव्हा मूसाने थंड पाण्याची स्नाने आणि थंड पेये दिली. सम्राट वाचला. रोमकरांनी वर्गणी काढून वैद्यदेवता एस्क्युलेपियसच्या मूर्तीशेजारी मूसाचा पुतळा उभारला. त्याच वर्षी ऑगस्टसचा भाचा आणि जावई मार्सेलस आजारी पडला, आणि तो मात्र वाचला नाही.

जूबाची ती पुस्तिका आज उपलब्ध नाही. त्याचे इतरही सारे ग्रंथ नष्ट झाले आहेत. उरले आहेत ते दुसऱ्यांनी दिलेले उतारे आणि हवाले, आणि त्यांतला मोठा वाटा थोरल्या प्लिनीचा. इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात मरण पावलेल्या ह्या अधाशी वाचकाने आपल्या निसर्गेतिहासाच्या पंचविसाव्या खंडात युफोर्बियाची हकीगत दिली आहे. त्याच शतकात डायोस्कोरिडीस ह्या ग्रीक वैद्याने आपल्या औषधिग्रंथात चीक गोळा करण्याची रीत वर्णिली आहे. ती मुळातून वाचण्यासारखी आहे. आम्ही येथे सार देतो. चीक इतका जहाल की, लोक झाडाजवळ जायला भीत. मेंढीचे जठर धुऊन ते झाडाच्या बुंध्याभोवती बांधायचे आणि मग दूर उभे राहून भाल्याने झाडाला भोसकायचे. चीक एखाद्या भांड्यातून ओतल्यासारखा त्या जठरात पडतो. प्लिनीही लांब काठीने दुरूनच छेद देण्याची आणि करडाच्या जठराची गोष्ट सांगतो, आणि वाळलेला चीक धुपासारखा दिसतो असे नमूद करतो. सर्पदंशावर तो गुणकारी आहे, हा प्राचीनांचा समज त्याने नोंदवला आहे. डायोस्कोरिडीस भेसळीबद्दलही सावध करतो. भेसळ होत होती, म्हणजे बाजार होता.

आता आपल्याकडे वळू. संस्कृत वैद्यकग्रंथांत ह्याच प्रजातीतल्या झाडांना स्नुही, सुधा, वज्र, महावृक्ष अशी नावे आहेत. 'सुधा' ह्या नावाशी आम्ही पुष्कळ वेळ घुटमळलो. अमृताचे नाव अशा जहाल चिकाला कसे लागले असावे? पांढऱ्या रंगामुळे, असे म्हणता येते, कारण चुन्यालाही सुधा म्हणतात. पण भाषेला अशा विषारी गोष्टींना गोड नावे देण्याची खोड आहे, हेही खरे. चरकसंहितेच्या कल्पस्थानातला दहावा अध्याय संपूर्णपणे ह्या झाडाला वाहिलेला आहे. (कल्पस्थान दृढबलाने पुरे केले, त्यामुळे डायोस्कोरिडीस आणि हा अध्याय समकालीन होत असे कोणी मानू नये, दृढबल नंतरचा.) सर्व रेचकांत हे सर्वांत तीक्ष्ण आहे, तेव्हा मृदू कोठ्याच्या माणसाला ते कधीही देऊ नये, असा तेथे स्पष्ट इशारा आहे. झाडाचे प्रकार दोन सांगितले आहेत: थोड्या काट्यांचा आणि पुष्कळ काट्यांचा. त्यांतला पुष्कळ काट्यांचा श्रेष्ठ. चीक घ्यायचा तो दोन किंवा तीन वर्षांच्या झाडाचा, विशेषतः शिशिर संपताना, आणि तोही शस्त्राने चिरून.

दोन्ही वर्णने शेजारी ठेवली की, दोन संस्कृतींची नजर कशी वेगळी होती ते दिसते. ग्रीक ग्रंथातला माणूस झाडापासून लांब उभा आहे. त्याच्या हातात भाला आहे, झाड शिकारीतल्या जनावरासारखे आहे, आणि ते कोठे वाढते तर 'तिकडे', लिबियात, अ‍ॅटलासवर. वर्णनात झाडाचे वय नाही, ऋतू नाही. भीती आणि युक्ती आहे. चरकातला वैद्य झाडापाशी पोचलेला आहे. त्याला झाड किती वर्षांचे ते माहीत आहे, कोणत्या महिन्यात चीक भरतो ते माहीत आहे. रोम-अलेक्झांड्रियाच्या ग्राहकाला युफोर्बियम हा बंदरातून आलेला, खड्यांच्या रूपातला माल होता; आपल्या वैद्याला स्नुही हे गावकुसाबाहेरचे झाड होते. दुरून आलेल्या वस्तूभोवती कथा जमते आणि कुंपणातल्या वस्तूभोवती नियम जमतात, असे आम्हांला वाटते. मात्र चरकातही काही कमी नवल नाही: ह्या चिकाची भावना दिलेले चूर्ण फुलांच्या माळेवर भुरभुरून नुसत्या वासानेही रेच होतो, असा एक प्रयोग तेथे आहे. मोरोक्कोत हा वाळका चीक गोळा करणारे लोक नाकातोंडाला फडके बांधून काम करीत, कारण त्याची पूड उडाली की शिंकांचा आवेग आवरत नसे. तेव्हा माळेचा प्रयोग केवळ कविकल्पना म्हणून सोडून देता येत नाही.

चरकाचे हे दोन प्रकार म्हणजे आजच्या कोणत्या दोन जाती, ह्यावर अभ्यासकांचे एकमत नाही. पाच ओळींत मांडलेल्या काट्यांचा आणि चांगली मोठी पाने असलेला जो निवडुंग, युफोर्बिया नेरिइफोलिया, त्याला आज स्नुही म्हणण्याचा प्रघात आहे. त्रिधारी निवडुंगालाही काही जण स्नुहीच्या प्रकारांत धरतात. बंगालमध्ये ह्याच झाडांना सिज म्हणतात आणि सर्पदेवता मनसा हिची पूजा सिजाच्या फांदीवर होते. प्लिनीने लिहून ठेवलेला सर्पदंशाचा उपाय आणि बंगालची मनसा ह्यांच्यात काही थेट धागा असेल असे मानायला पुरावा नाही. पण जहाल, काटेरी, दुधासारखा चीक असलेले झाड पाहून दोन दूरच्या समाजांना सापच आठवावा, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

युफोर्बस ह्या नावाचीही थोडी चौकशी करायला हवी. होमरच्या इलियडमध्ये एक युफोर्बस आहे. पॅट्रोक्लसला पहिली जखम करणारा ट्रोजन तरुण तोच, आणि पुढे मेनेलाउसच्या हातून तो मरतो. मागच्या जन्मी आपण हा युफोर्बस होतो असे पायथागोरस सांगत असे, अशी कथा आहे. ग्रीकमध्ये ह्या नावाचा अर्थ 'चांगला पोसलेला', 'उत्तम चाऱ्यावर वाढलेला' असा काहीसा होतो. ज्या झाडाला शेळीसुद्धा सहसा तोंड लावत नाही त्याच्या नावात उत्तम चारा असावा! जाड खोडाच्या झाडाला जाड वैद्याचे नाव देऊन जूबाने थट्टा केली असावी, असा विनोद नंतरच्या लेखकांनी केलेला आहे. तो विनोदच समजावा.

पुढची सतरा शतके आम्ही घाईने ओलांडतो. वाळलेल्या चिकाचे खडे बाजारात येत राहिले. अरबी वैद्यकाने त्यांना फरफियून हे नाव दिले आणि युनानी हकिमांच्या मार्फत ते नाव हिंदुस्थानातही पोचले. युरोपातल्या औषधांच्या दुकानांत युफोर्बियम मिळत असे. पण दुकानात मिळत होते ते खडे. ज्या झाडापासून ते येत ते झाड युरोपीय विद्वानांच्या डोळ्यांसमोर नव्हते. शब्द होता, पदार्थ होता, ग्रंथांतले वर्णन होते. वस्तू तेवढी हरवली होती.

ह्या रिकाम्या जागी आपले झाड कसे बसले, हे समजण्यासाठी कोचीनला जावे लागते. मलबारचा डच गव्हर्नर हेन्ड्रिक व्हान रीड ह्याने तेथल्या वनस्पतींवर 'हॉर्टस मलबारिकस' हा प्रचंड ग्रंथ सिद्ध करवला. अ‍ॅमस्टरडॅमला १६७८ ते १६९३ ह्या काळात त्याचे १२ खंड छापले गेले. त्यामागचे ज्ञान मुख्यतः इट्टी अच्युतन ह्या एळवा वैद्याचे, आणि त्याला साहाय्य रंगभट, विनायक पंडित आणि आपुभट ह्या तीन कोंकणी ब्राह्मणांचे. गोव्याकडच्या मुळांच्या ह्या तिघांनी दिलेले नागरी लिपीतले प्रमाणपत्र पहिल्या खंडात छापलेले आहे. नागरी अक्षरे छापखान्यातून बाहेर पडण्याच्या अगदी आरंभीच्या प्रसंगांपैकी हा एक. कोंकणी आणि मराठीच्या अभ्यासकांनी त्याच्याकडे अजून पुरेसे लक्ष दिलेले नाही, असे आम्हांला राहून राहून वाटते. चित्रांवर झाडांची नावे मलयाळम, अरबी, नागरी आणि रोमन अशा लिप्यांत कोरलेली आहेत. १६७९ च्या दुसऱ्या खंडात तीन प्रकारच्या 'कळ्ळी' ओळीने येतात, आणि त्यांतली एक म्हणजे त्रिधारी निवडुंग. आपल्याकडच्या शेराचे शास्त्रीय नाव युफोर्बिया तिरुकल्ली असे आहे, ते ह्याच पानांतून उचललेला मलयाळम शब्द होय.

लिनीअस कधी हिंदुस्थानात आला नाही, मोरोक्कोतही गेला नाही. त्याच्यापुढे डच बागांतली झाडे होती आणि रीडसारख्यांची पुस्तके होती. उष्ण प्रदेशातले, धारा असलेले, काटेरी, जहाल चिकाचे झाड त्याने पाहिले आणि प्राचीनांचे युफोर्बियम ते हेच, असे ठरवले. ही समजूत त्याच्या आधीच्या लेखकांतही होती. त्याने तिला नावाचा शिक्का दिला. १७५३ च्या 'स्पीशीज प्लांटारम' ह्या ग्रंथात ती युफोर्बिया अँटिकोरम ह्या नावाने स्थिर झाली. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतल्या औषधांच्या पुस्तकांत युफोर्बियमचे उगमस्थान म्हणून कधी हे हिंदी झाड, कधी कॅनरी बेटांतले, कधी आणखी कोणते, अशी सरमिसळ चालू राहिली. खरे झाड शास्त्रीय नावासह नोंदले गेले ते १८६३ मध्ये. बर्लिनच्या ओटो बर्गने त्याला युफोर्बिया रेझिनिफेरा म्हटले. जूबाच्या वैद्याच्या नावाचा मूळ मानकरी असलेल्या झाडाला स्वतःचे नाव मिळायला असे अठराशेहून अधिक वर्षे लागली, आणि मिळाले तेव्हा 'प्राचीनांचे' हे विशेषण आधीच दुसऱ्याला दिले गेले होते.

युफोर्बिया हे प्रजातिनाम देताना लिनीअसच्या मनात काय होते तेही त्याने लिहून ठेवले आहे. वनस्पतींना योग्य माणसांची नावे द्यावीत ह्या आपल्या मताच्या समर्थनार्थ १७३७ च्या एका ग्रंथात तो ह्याच दोन भावांचे उदाहरण देतो: मूसाचा रोममधला पुतळा केव्हाच नाहीसा झाला, युफोर्बसचे स्मारक मात्र झाडाच्या रूपाने टिकून आहे आणि त्याला नाश नाही, असा त्याचा आशय. युक्तिवाद सुंदर आहे. (मूसाच्या वाट्यालाही काही आले, असे म्हणणारे आहेत. केळीच्या प्रजातीचे नाव 'मूसा' असल्यामुळे धाकट्या-थोरल्या भावांपैकी एकाला निवडुंग आणि दुसऱ्याला केळ अशी वाटणी ते लावतात. पण केळीच्या नावामागे अरबी 'मौझ' हा शब्द असण्याचा संभव अधिक.)

ह्याच लिनीअसने ह्या झाडाचे फूलही वेगळे वाचले होते, ते जाता जाता सांगायला हवे. युफोर्बियाचे जे एक फूल दिसते ते वस्तुतः एक छोटा पेला असतो. त्या पेल्याच्या मधोमध एकच स्त्रीपुष्प असते आणि भोवती अनेक नरपुष्पे, प्रत्येक नरपुष्प म्हणजे केवळ एक पुंकेसर. लिनीअसने ह्या सगळ्या मेळ्याला एक फूल समजून पुंकेसर मोजले आणि त्या मोजणीप्रमाणे वर्ग ठरवला. प्रत्येक 'पुंकेसरा'च्या देठावर एक सांधा आहे, म्हणजे ते स्वतंत्र फूल आहे, हे रॉबर्ट ब्राऊनने १८१४ मध्ये दाखवून दिले. त्रिधारी निवडुंग काय आणि अ‍ॅटलासचा उशीसारखा निवडुंग काय, दोघांच्याही पिवळ्या फुलांत हीच रचना आहे, आणि त्यांचे नाते सांगणारा खरा पुरावा काट्यांत नसून ह्या पेल्यात आहे.

मग प्रश्न असा उरतो की, अन्वयार्थ चुकला हे कळल्यावर नाव का बदलले नाही? वनस्पतींच्या नामकरणाचा आंतरराष्ट्रीय संकेत ह्यावर ठाम आहे. १७५३ पासून जे नाव आधी रीतसर प्रसिद्ध झाले ते राहते. ते अयोग्य आहे, गैरसमजावर उभे आहे, एवढ्या कारणाने ते काढून टाकता येत नाही. पेरू देशाशी काही संबंध नसलेली एक भूमध्यसागरी वनस्पती आजही 'पेरूची' म्हणवते. नावाचे काम निर्देश करण्याचे. वर्णन करणे किंवा इतिहास सांगणे हे त्याचे काम नाही, अशी भूमिका त्यामागे आहे. शब्द आणि अर्थ ह्यांचे नाते यादृच्छिक असते, हे सोस्यूरमुळे साहित्याच्या वर्गात आपण शिकवतो. वनस्पतिशास्त्रज्ञांनी ते नियम म्हणून स्वीकारले आहे.

आणि येथे एक आणखी मोठी विडंबना आहे. प्रत्येक प्रजातिनामाला आधार म्हणून एक आदर्श जाती ठरवलेली असते. प्रजातीची पुढे कितीही फोडाफोड झाली तरी मूळ नाव त्या जातीबरोबर जाते. युफोर्बिया प्रजातीची आदर्श जाती कोणती? युफोर्बिया अँटिकोरम. म्हणजे जूबाच्या वैद्याचे नाव, अ‍ॅटलासवरच्या त्या चिकाच्या आठवणीतून आलेले नाव, आज २००० जातींसह ज्या खुंटीला टांगलेले आहे ती खुंटी आपल्या माळावरचा त्रिधारी निवडुंग आहे. उद्या ह्या प्रजातीचे शंभर तुकडे झाले आणि मोरोक्कोतले झाड दुसऱ्या तुकड्यात पडले, तर युफोर्बसचे नाव त्याने कधीही न पाहिलेल्या हिंदी झाडाकडेच राहील.

प्रयोगशाळेने मात्र दोघांना वेगवेगळ्या वाटांनी नेले. अ‍ॅटलासच्या झाडाच्या चिकातून १९७५ मध्ये रेझिनिफेराटॉक्सिन हे द्रव्य वेगळे करण्यात आले. मिरचीला तिखटपणा देणाऱ्या कॅप्सेसिनपेक्षा ते सुमारे हजारपट जहाल आहे. वेदना आणि उष्णता जाणवून देणाऱ्या मज्जातंतूंवरचा जो ग्राहक रेणू डेव्हिड ज्यूलियस ह्यांच्या गटाने १९९७ मध्ये ओळखला आणि ज्या कामासाठी त्यांना २०२१ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले, त्याच ग्राहकावर हे द्रव्यही काम करते. तो तंतू आधी पेटतो आणि मग बधिर होतो. त्यामुळे असह्य वेदनांवरचे औषध म्हणून त्याच्या चाचण्या झाल्या आहेत. भाल्याने चीक काढणाऱ्यांना तो का जाळत होता ह्याचे उत्तर असे दोन हजार वर्षांनी मिळाले. आपल्याकडे स्नुहीच्या चिकाची वाट निराळी. अकराव्या शतकात चक्रपाणिदत्ताने भगंदरावर हळद आणि स्नुहीचा चीक लावलेल्या सुताचा उपाय सांगितला. आजच्या वैद्यकात क्षारसूत्र म्हणून तो रुळला आहे: दोऱ्याला चिकाचे, आघाड्याच्या क्षाराचे आणि हळदीचे एकूण २१ थर देतात. तेथे चीक नेरिइफोलियाचा वापरतात. त्रिधारीच्या वाट्याला नाव आले, काम शेजाऱ्याकडे गेले.

मराठीपुरता एक मुद्दा राहिला, आणि आमच्या दृष्टीने तो सर्वांत निकडीचा आहे. 'निवडुंग' हा शब्द आज आपण दोन अगदी वेगळ्या कुळांतल्या झाडांसाठी वापरतो. एक त्रिधारीसारखे, चिकाचे, एरंडाच्या कुळातले. दुसरा फड्या निवडुंग, ज्याला लाल बोंडे येतात. तो कॅक्टस कुळातला, अमेरिकेतून आलेला. त्याला चीक नसतो, काट्यांची मांडणी निराळी असते. कोरड्या हवेत तगून राहण्यासाठी दोन कुळांनी स्वतंत्रपणे सारखाच वेश घेतला, म्हणून डोळा फसतो. युरोपीयांनी अमेरिका गाठण्यापूर्वी फड्या निवडुंग येथे असण्याचा संभव नाही. तेव्हा सोळाव्या शतकाआधीच्या एखाद्या पाठात निवडुंग किंवा त्याच्या अर्थाचा शब्द आला, तर तेथे चिकाचाच निवडुंग वाचला पाहिजे. टीपा लिहिणारे सर्रास 'कॅक्टस' लिहून मोकळे होतात, आणि मग रूपकातले दूध हरवते, उरतो तो नुसता काटा. काट्याच्या आत दूध आणि दुधाच्या आत जाळ, ही ह्या झाडाची खरी प्रतिमाशक्ती आहे. फड्याकडे ती नाही. आधुनिक कवितेत निवडुंग आला की, विद्यार्थी उत्तरपत्रिकेत वाळवंट लिहितात. आपल्या निवडुंगाला वाळवंट लागत नाही, गावाचा बांध पुरतो.

पुण्याच्या नाना पेठेत निवडुंग्या विठोबाचे देऊळ आहे. तुकाराम महाराजांची पालखी पुण्यात तेथे मुक्काम करते. मूर्ती निवडुंगाच्या रानात सापडली म्हणून हे नाव, अशी आख्यायिका. इंग्रजी लेखनात हा देव 'प्रिकली पेअर' विठोबा म्हणून उतरला, म्हणजे भाषांतरकाराने बेधडक फड्या गृहीत धरला. तो फड्या असेलही: तो दख्खनमध्ये एके काळी इतका माजला होता की, त्याला आवरायला १९२६ मध्ये श्रीलंकेतून एक किडा आणून सोडावा लागला, आणि त्या किड्याने रानेच्या राने संपवली. पण मूळ मराठी नावात फड्याही नाही आणि त्रिधारीही नाही. तेथे निवडुंग एवढाच शब्द आहे.

अ‍ॅटलासवरच्या झाडाला किड्याने वगैरे हात लावलेला नाही. मोरोक्कोतल्या अझिलाल भागात त्याच्या फुलांवर मधमाश्या पाळतात. तो मध घशात उतरताना थोडा तिखट लागतो, आणि त्या प्रदेशाचे नाव मिरवणारा माल म्हणून त्याची अधिकृत नोंद झालेली आहे.